आमचे हेलकावे

जुनी मोटार बाळगणाऱ्या माणसाला आयुष्यात एका गोष्टीची ददात नसते, ती म्हणजे सल्ल्याची. पोट बिघडलेल्या माणसाला ओव्यापासून उपासापर्यंत जितकी औषधं फुकट सांगितली जातात, त्याच्या दुप्पट उपाय रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या माणसाला सांगितले जातात. सांगणाऱ्यांत मोटार चालवता येणारे फार थोडे असतात, हा भाग वेगळा. पण गेल्या वर्षी आमच्या फियाटचे शॉकअ‍ॅब्झॉर्बर बदलायची वेळ आली, आणि सल्ला फुकट असला तरी तो पाळायला किती खर्च येतो ते मला कळलं.

गाडी कागदोपत्री 'प्रीमियर पद्मिनी' आहे, मॉडेल १९७८. पण चितोडच्या राणीचं नाव आमच्या घरात कुणी कधी घेतलं नाही. घरात ती फियाटच. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती नोंदवली तेव्हा मी तिसरीत होतो. दारात आली तेव्हा सातवीत. तेव्हा मोटारीसाठी असाच नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. लग्न आधी होतं की गाडी आधी येते, अशा शर्यती घरोघर चालत. आली त्या दिवशी आईने ओवाळलं, नारळ फुटला, आणि आबांनी स्टीअरिंगच्या दांड्यालाच असलेला तो गिअर टाकून सगळ्या गल्लीदेखत गाडी मागे नेली. त्यांना पुढे न्यायची होती. कोल्हापुरात तेव्हा हसणारी माणसं पुष्कळ होती. आबांनी कुणाकडे बघितलं नाही.

आबा गेले त्याला आता नऊ वर्षं झाली. गाडी माझ्याकडे आली आणि तिच्याबरोबर एक कामही आलं. दर पौर्णिमेला आईला नरसोबाच्या वाडीला न्यायचं. आबांनी हा नेम कधी मोडला नाही. पुढच्या लांब सीटवर ते, मागे आई, आईच्या शेजारी पिशवीत दत्ताचे पेढे ठेवायचा रिकामा डबा. मीही तो नेम चालवला. मोटार कशाला ठेवली आहे, असं कुणी विचारलं की मी चटकन सांगत असे, "आईसाठी." हे उत्तर इतकं पक्कं होतं, की त्यावर आमची सौ.सुद्धा काही बोलू शकत नसे.

गेल्या वर्षी ते उत्तरच गळू लागलं.

म्हणजे झालं असं, की गतिरोधकावरून गेल्यावर गाडी नंदीबैलासारखी मान हलवू लागली. पाऊस पडेल का? होय. मुलाला नोकरी लागेल का? होय, होय. एका गतिरोधकावर ती किमान पाच वेळा होकार देत असे. आमच्या कॉलनीच्या तोंडाशी एकापाठोपाठ तीन गतिरोधक आहेत. तिसऱ्याचा होकार संपेपर्यंत आम्ही मेन रोडला लागलेले असायचो. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं; वय झालं की माणूस सगळ्यांनाच हो म्हणतो. पण श्रावणातल्या पौर्णिमेला परत येताना आई शिरोळच्या पुढे म्हणाली, "जरा थांबव." उतरून रस्त्याकडेच्या झाडाखाली बसली. पाणी प्यायली. आणि मग शांतपणे म्हणाली, "पुढच्या खेपेला मी एसटीने जाईन हो. तू त्रास करून घेऊ नकोस."

घरी आल्यावर सौ.ने हे ऐकलं. ती काही वाईट बोलली नाही. फक्त चहाचा कप पुढे ठेवून म्हणाली, "गाडी आईंसाठी आहे ना? मग आता आई बसणार नसतील, तर..." पुढचं वाक्य तिने पुरं केलं नाही. संसाराला पस्तीस वर्षं झाली की वाक्यं पुरी करावी लागत नाहीत. गॅरेजची जागा तिला धान्याच्या पिंपांसाठी फार दिवसांपासून हवी आहे.

मी म्हटलं, "अगं, २०२८ साली तिला पन्नास पूर्ण होतील. २०२१ च्या सरकारी नियमांप्रमाणे पन्नास वर्षं झालेल्या, मूळ रूपातल्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणतात."

"तुमची साठी उलटली," ती म्हणाली, "तुम्हाला कुणी म्हटलं का काही?"

दुसऱ्याच दिवशी मी गाडी शिवाजी उद्यमनगरात आमच्या मिस्त्रींकडे नेली. उद्यमनगर ही अशी जागा आहे, की तिथे मोडका पार्ट दाखवला तर संध्याकाळपर्यंत त्याचा जुळा भाऊ तयार मिळतो. मिस्त्री आबांच्या वेळचे. सगळं जग त्यांना मामा म्हणतं. मामांनी गाडीचा आवाज ऐकला नाही, काही विचारलं नाही. पुढच्या मडगार्डवर दोन्ही हात ठेवले, अंगाचा भार टाकून गाडी खाली दाबली आणि सोडून दिली. गाडी वर आली, खाली गेली, वर आली, खाली गेली. मामा बोटं मोजत उभे.

"चांगली असती तर?" मी विचारलं.

"येकदा वर यून गप बसली असती. ही बघा, आजून बोलायलीय." मग खाली वाकून टॉर्च मारला. "पुढचे दोन्ही गळत्यात. मागचा उजवा गळतोय. डावा कोरडा हाय."

"चला, एक तरी बरा आहे."

"बरा कुठला ओ? त्येच्यात गळायला त्येल शिल्लक हाय कुठं?"

नवीन चार शॉकअप आणा, म्हणाले. एका बाजूचा एकच बदलायचा नाही; पुढची जोडी तर जोडी, मागची जोडी तर जोडी. नाहीतर गाडी लंगडते. टायरही दाखवले. जागोजाग खळगे पडल्यासारखे झिजले होते. चाक उड्या मारत धावतं, तिथे तिथे घासतं.

आता चार शॉकअप आणायचे म्हणजे दुकानात जायचं, पैसे द्यायचे आणि घेऊन यायचे, अशी माझी समजूत होती. दुकानदाराने "कुठली गाडी?" विचारल्यावर मी अभिमानाने सांगितलं. त्याने चष्मा काढला. "साहेब, कुर्ल्याचा कारखाना थांबून वीस वर्षांच्या वर झाली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या फियाट टॅक्सी होत्या तोवर मालाला उठाव होता. २०२३ च्या ऑक्टोबरात त्याही गेल्या." आणि असा गप्प बसला, की मला वाटलं आम्ही दोघं आता दोन मिनिटं उभे राहणार. शेवटी त्याने माळ्यावरून एक जोडी काढली. खोका पिवळा पडलेला. "जुना स्टॉक. ओरिजिनल."

मी ती हृदयाशी धरून मामांकडे आणली. मामांनी एक दांडा आत दाबला, तर तो आत गेला आणि तिथेच राहिला. "नवाच हाय," ते म्हणाले, "पर बसूनबसून म्हातारा झालाय. आतलं रबरी सील वाळलं. वापरला न्हाई म्हणून माल टिकत न्हवं, सर." हे वाक्य मला निवृत्तीनंतर कुणीतरी आधीच ऐकवायला हवं होतं.

इथून सल्लागारांचा हंगाम सुरू झाला.

पहिले आमच्या शेजारचे प्राध्यापक. पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले आहेत, पण पदार्थविज्ञान अजून त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. ते म्हणाले, "मुळात नावच चूक आहे. शॉकअ‍ॅब्झॉर्बर शॉक अ‍ॅब्झॉर्ब करत नाही."

"मग कोण करतं?"

"स्प्रिंग! खड्ड्याचा धक्का स्प्रिंग घेते. पण स्प्रिंगचा स्वभाव असा, की एकदा दाबली की ती झुलतच राहते. ते झुलणं थांबवायचं काम ह्याचं. इंग्लंडात ह्याला डॅम्पर म्हणतात, ते बरोबर आहे. नळीत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं. गाडी वरखाली झाली की तेलाला त्या भोकांतून जायला लागतं, ते कुरकुरत जातं, आणि झुलण्यातली शक्ती उष्णता होऊन निघून जाते." मग त्यांनी मला त्यांच्या बँकेच्या दारापाशी नेलं. दाराच्या वर ती आपोआप दार लावणारी नळी असते ना, ती दाखवायला. "नळी नसेल तर दार मागेपुढे हापटत राहील. नळी फार आवळली तर दार उघडायलाच जोर लागेल. बरोबर जमली, की दार एकदा येतं आणि लागतं. तुम्हाला गाडीत हे हवं आहे." एवढं बोलून ते दार उघडबंद करून दाखवू लागले. चौथ्या वेळी वॉचमन उठून आला. आम्ही दोघंही निवृत्त दिसत असल्यामुळे त्याने सौम्यपणे विचारलं, "काका, आत यायचंय का बाहेर जायचंय?"

दुसरे आमचे मेहुणे. ते म्हणाले, "कशाला पैसे घालवतोस? भरून घे." शॉकअप भरून देणारे लोक असतात. नळी कापायची, सील बदलायचं, तेल ओतायचं, वेल्डिंग मारून बंद करायची. एका ठिकाणी जाऊन आलो. तिथल्या कारागिराने मला विचारलं, "कडक पाहिजे की मऊ?" अंड्याची गाडी लावणाराही हाच प्रश्न विचारतो, आणि त्यालाही मी कधी ठाम उत्तर देऊ शकलेलो नाही. जाड तेल घातलं की कडक, पातळ घातलं की मऊ. मी म्हटलं, "कंपनीने दिला होता तसा." तो म्हणाला, "तसा म्हणजे कसा?" आणि मी गप्प झालो. कारण तसा म्हणजे कसा, हे मला आठवत नव्हतं. शेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षं मी त्या गाडीत बसतो आहे. ती रोज एक केसभर बदलत गेली आणि मीही तिच्याबरोबर तितकाच हललो. आरशात रोज बघणाऱ्याला आपलं टक्कल कधी सुरू झालं हे सांगता येत नाही, तसं.

तिसरा सल्लागार भाचा. तो पुण्यात मोटारींच्याच कुठल्याशा कारखान्यात आहे आणि मला 'मामा' म्हणून हाक मारून पुढे जे बोलतो ते निम्मं मला कळत नाही. तो म्हणाला, "मामा, तेलाचे जुने झाले. गॅसचे घे." नळीत तेलाबरोबर दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो. खराब रस्त्यावर दट्ट्या जोरात हलला की तेलाला फेस येतो, फेस आला की पकड जाते. गॅसच्या दाबामुळे तो फेस धरत नाही. "घाटात वळणावर गाडी कशी चिकटून राहील बघ!" त्याने मापं मागवून घेतली. पूर्ण ओढल्यावर लांबी किती, पूर्ण दाबल्यावर किती, वरखालचे बुश केवढे. हे मात्र त्याने योग्य केलं. लांबी कमी पडली तर खड्ड्यात चाक खाली लोंबलं की सगळा भार शॉकअपवरच लटकतो. जास्त झाली तर स्प्रिंग दबायच्या आधी तोच टेकतो आणि फुटतो. महिन्याभराने चार चकचकीत नळ्या आल्या. परदेशी. किंमत मी इथे लिहीत नाही, कारण हे पुस्तक सौ.च्या हाती पडण्याची शक्यता आहे.

मामांनी त्या बसवल्या. काही बोलले नाहीत. गाडी दोन बोटं उंच उभी राहिली. मडगार्ड दाबलं तर हललंच नाही. नंदीबैलाने मान हलवणं साफ बंद केलं होतं. आता तो ताठ मानेने नकार देत होता. मी खूष होऊन घरी आलो आणि आईला म्हटलं, "चल, रंकाळ्याला चक्कर मारू."

पहिल्या गतिरोधकावर माझे दात एकमेकांना भेटले. दुसऱ्यावर डिकीतली स्टेपनी काहीतरी बोलली. तिसऱ्यावर मागून आईचा आवाज आला, "अरे, रंकाळा राहू दे. ह्यात बसून वाडीला निघाले, तर देवाकडे मी वाडीच्या आधीच पोचायची."

परत येऊन मी गाडी थेट मामांच्या दारात नेली, आईसकट. मामा हात पुसत बाहेर आले. आईला बघून नमस्कार केला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मी बोलणारच हुतो, पर तुमी पैसे घालून बसलासा. गाडी म्हातारी. आत बसणारं मानूस म्हातारं. तुमी चालवणार चाळीसनं. आन शॉकअप आणलासा पैलवान! त्यो काय करंल? धक्का आत यूच देत न्हाई, सरळ वर फेकतोय." मग एकदम आईकडे गेले आणि दार धरून विचारलं, "आक्का, सायबांच्या टायमाला गाडी कशी चालायची ओ?"

एवढ्या महिन्यांत हा प्रश्न कुणालाच सुचला नव्हता. प्राध्यापकांना नाही, भाच्याला नाही, मला तर नाहीच.

आई क्षणभर थांबली. म्हणाली, "खड्डा आला की एकदा खाली बसायची. एकदा वर यायची. की गप्प." आणि मग थोडं हसून, "ह्यांच्यासारखीच. रागावायचे ते एकदाच. एकदा आवाज चढायचा, उतरला की विषय संपला. दुसऱ्या दिवशी त्याचं नाव नाही. हा तसा नाही." 'हा' म्हणजे मी.

मला प्रकरण लागलं, पण बोलता येईना, कारण मामा आनंदाने मांडीवर थाप मारून ओरडत होते, "बरोब्बर! येकदा खाली, येकदा वर, मग गप! आता कळलं काय बसवायचं ते." आणि माझ्या डोळ्यांसमोर बँकेचं ते दार आलं. प्राध्यापकांनी अर्धा तास घालून जे सांगितलं होतं, ते आईने मागच्या सीटवर बसून सांगून टाकलं होतं. माप तिच्याकडे होतं. चाळीस वर्षं आम्ही पुढे बसणारे रस्ता बघत होतो. गाडी कशी चालते ते मागे बसणाऱ्यालाच ठाऊक.

मग काम सोपं झालं. पुण्याच्या नाना पेठेत दोन दिवस फिरून साधे तेलाचे, लांबीला बरोबर जुळणारे नवीन शॉकअप मिळवले. त्यांच्यावर घाटाचं चित्र नव्हतं, परदेशी अक्षरं नव्हती. मामांनी मागचे कमानपाटे उतरवले तर ते गंजून एकमेकांना असे चिकटलेले, की सात भावांनी वाटण्या न करता एकाच खोलीत संसार थाटावा. पाटे एकमेकांवर सरकले तर ते लवणार. ते सरकतच नव्हते. म्हणजे स्प्रिंग आपलं काम करत नव्हती आणि शिव्या शॉकअप खात होता. पाटे घासले, ग्रीस लावलं, रबरी बुश सगळे बदलले. जुने बुश हातात घेतले तर काळ्या खडूसारखे चुरले.

बसवायच्या आधी मामांनी प्रत्येक शॉकअप उभा धरून पाच-सहा वेळा ओढला आणि दाबला. आडवा पडून आलेला असतो, तेलात हवा शिरलेली असते, ती काढायला. आणि शेवटचे नट त्यांनी गाडी जॅकवर असताना आवळले नाहीत. चाकं जमिनीवर टेकली, गाडी आपल्या वजनाने बसली, मग आवळले. "लोंबत्याली आवळली तर बुश जन्मभर पिळलेला ऱ्हातोय," ते म्हणाले. माणसांच्या बाबतीतही हे खरं असावं. आमच्या ऑफिसात कितीतरी जण लोंबते असताना आवळले गेले होते.

कार्तिकी पौर्णिमेला पहाटे निघालो. आईने सीटवर बसताना देवाचं नाव घेतलं. ते नेहमीचं की खास, हे मी विचारलं नाही. पहिला गतिरोधक आला. गाडी खाली बसली. वर आली. गप्प. दुसरा. खाली, वर, गप्प. मी आरशात बघितलं. आई खिडकीबाहेर बघत होती. तिसऱ्यानंतर ती एवढंच म्हणाली, "हं."

त्या 'हं'साठी मी तीन महिने आणि न सांगण्याजोगी रक्कम घालवली होती.

हातकणंगल्यापर्यंत ती जागी होती. जयसिंगपूरच्या पुढे बघितलं तर रिकामा पेढ्यांचा डबा मांडीवर धरून, मान जरा कलती करून झोपली होती. रस्ता काही चांगला नव्हता. खड्डे होते तेवढेच होते. प्रत्येक खड्ड्यात गाडी एकदा बसत होती, उठत होती आणि पुढे काही बोलत नव्हती. मला उगाचच वाटून गेलं, की स्टीअरिंगवर माझे हात नाहीत.

वाडीहून परत आल्यावर मी न राहवून विचारलं, "काय, जमलं का आबांसारखं?"

"गाडीचं जमलं," आई म्हणाली. "तू मात्र ब्रेक उशिरा मारतोस. ते आधी मारायचे." ह्यावर मी दोन दिवस धुसफुसत होतो. म्हणजे आईचं म्हणणं सगळ्याच बाबतीत खरं होतं.

गॅसचे चार पैलवान सध्या आमच्या माळ्यावर आहेत. सौ. मधूनमधून वर बघून विचारते, "ते तिथे कुणाचे धक्के खातायत?" पण धान्याच्या पिंपांचा विषय तिने पुन्हा काढलेला नाही. गेल्या पौर्णिमेला तर सकाळी पाचला उठून डबा तिनेच भरला आणि माझ्याआधी जाऊन गाडीत बसली. पुढे माझ्या शेजारी नाही, मागे, आईजवळ. तिथूनच गाडीचं खरं काय ते कळतं, हे तिला कुणीतरी सांगितलं असावं.